टॅपेटचं माप बिलावर लिहा: सोलापुरातल्या दुचाकी सर्व्हिस सेंटरना आणि गॅरेजवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातले दुचाकी विक्रेते, अधिकृत सर्व्हिस सेंटरचे मालक व वर्क्स मॅनेजर, आणि गॅरेजवाले मेस्त्री मंडळी,

स.न.वि.वि.

मोठ्या सर्व्हिसिंगच्या तुमच्या बिलावर 'व्हॉल्व्ह क्लिअरन्स चेक' अशी एक ओळ असते. साध्या गाडीच्या बिलावर तीच ओळ 'टॅपेट सेटिंग' म्हणून येते. ओळीपुढे रक्कम असते, रकमेवर १८ टक्के जीएसटी असतो. माप मात्र नसतं. गाडी आली तेव्हा टॅपेटमध्ये, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यात, फट किती होती, जाताना किती ठेवली, हे बिलावर नाही, जॉब कार्डवर नाही, आणि विचारलं तर काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक नसतं. हे पत्र त्या न लिहिलेल्या आकड्यांबद्दल आहे.

दर कमी करा, असं सांगायला मी लिहीत नाहीये. काही कामांचे पैसे तुम्ही कमीच घेता असं माझं मत आहे, त्यावर पुढे येतोच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. आमच्याकडे मशीन उघडलं की कार्डावर दोन आकडे लिहावे लागतात, उघडलं तेव्हाचा आणि बंद करतानाचा. आकडे नसले तर काम झालं असं कुणी मानत नाही, मग फिटर कितीही जुना असो. दुचाकीच्या इंजिनात तर फट आमच्या लूमपेक्षाही बारीक. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत साधारण ०.०५ ते ०.१२ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. एवढ्या बारीक कामाचा हिशोब 'ओके' या एका शब्दात कसा काय मिटतो?

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण पत्र खुलं आहे आणि गाडीवाले वाचतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झडप; इनटेकची हवा-पेट्रोल आत घेते, एक्झॉस्टची जळालेला गॅस बाहेर सोडते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते. ती लांबी सामावून घ्यायला थंड इंजिनात थोडी फट ठेवतात. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालेल्या गॅसमध्ये उभा असतो, जास्त तापतो, म्हणून त्याची फट बहुतेक गाड्यांत इनटेकपेक्षा मोठी. फट वाढली तर टकटक आवाज येतो, व्हॉल्व्ह ढकलणारे रॉकर आणि कॅम झिजतात, ताकद थोडी उतरते. फट कमी झाली तर मात्र आवाज येतच नाही. व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवर टेकल्यावर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? हळूहळू कड जळते. मग हेड उतरवा, सीट कापा, लॅपिंग (घासून बसवणं) करा, व्हॉल्व्ह बदला, ऑइल सील बदला. काही मिनिटांचं काम नीट न झाल्यामुळे काही हजारांचं काम निघतं.

आता गंमत अशी की चालवत चालवत बऱ्याच इंजिनांत फट वाढण्यापेक्षा कमीच होत जाते, कारण व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांत झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो. आणि गिऱ्हाईक काय सांगतं? "काय वो मेस्त्री, टॅपेट वाजतंय, आवाज बंद करा की." मेस्त्री पाना घेतो, स्क्रू आवळतो, आवाज बंद. गिऱ्हाईक खूश, मेस्त्रीही खूश, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह त्या दिवसापासून जळायला लागतो. कन्ना चौकापासून आसरा चौकापर्यंत हे रोज चालतं. यात तुमच्याइतकेच आम्ही गाडीवालेही जबाबदार आहोत; शांत इंजिन म्हणजे चांगलं इंजिन हे आमच्या डोक्यातून जात नाही. पण माप लिहायची सवय असती तर 'आवाज येतोय' या तक्रारीला तुमच्याकडे उत्तर असतं. एक्झॉस्ट ०.१०, पुस्तिकेप्रमाणे बरोबर, आवाज एवढा राहणारच. आज हे उत्तर द्यायला तुमच्याजवळ आकडा नाही, म्हणून स्क्रू आवळावा लागतो.

इथे जुन्या बुलेटच्या मेस्त्रींची आठवण काढतो, कारण मेस्त्री लोकांची 'हातानं कळतं' ही म्हण तिथून आली असावी. बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटला पुशरॉड (व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणाऱ्या दांड्या) होते आणि त्यांची फट गेजनं मोजायचीच नव्हती. थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खेळ नको, अशीच पद्धत होती. बोटांच्या अंदाजावर काम करणारे ते मेस्त्री चुकत नव्हते. नंतर यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं) इंजिन आलं, त्यात हायड्रॉलिक टॅपेट. ते तेलाच्या दाबावर आपली फट आपणच भरून काढतात, त्यात सेट करायला काही ठेवलेलंच नाही. तरी तसल्या बुलेटच्या बिलावर 'टॅपेट सेटिंग' छापलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कॉम्प्युटरमधला छापील मजकूर असेल, कुणी मुद्दाम लिहिलं नसेल. पण पैसे गिऱ्हाइकानं मुद्दाम दिले. आणि ज्या गाड्यांना फट सेट करायला स्क्रू-लॉकनट आहे किंवा शिम (फट ठरवणारी छोटी चकती) आहे, त्यांना बोटांचा अंदाज चालत नाही, त्यांना फिलर गेजच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच, लागतं.

दरांकडे येतो. स्क्रू-लॉकनटच्या गाडीला काय लागतं? वरची दोन झाकणं, मॅग्नेटच्या बाजूचे दोन बूच, 'टी'ची खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, गेजची पात फटीत घालून बघायची, लॉकनट आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा एकदा पात घालायची, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. ही शेवटची पात निम्मे लोक घालत नाहीत. एवढं नीट केलं तर अर्धा तास. रस्त्यावरचं गॅरेज याचे शंभर-दीडशे घेतं, ते रास्त आहेत. उलट कुणी नीट मोजून, लिहून देत असेल तर मी दोनशे द्यायला तयार आहे आणि माझ्यासारखे बरेच असतील.

शिमची गाडी वेगळी. डबल कॅम, लिक्विड कूल, हल्ली पोरांच्या हातात असतात त्या. तिथे आधी टाकी उतरवा, एअर बॉक्स बाजूला करा, हेड कव्हर काढायला जागा करा, तेव्हा कुठे मापायला मिळतं. चार व्हॉल्व्हची चार मापं. सगळी हद्दीत असतील तर कव्हर लावून मोकळे. एखादं हद्दीबाहेर असेल तर बहुतेक इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर काढून कॅमशाफ्ट उचलायचा, शिम काढून मायक्रोमीटरनं मोजायची, आणि हिशोब करायचा: जुनी शिम, अधिक सापडलेली फट, वजा हवी असलेली फट. शिम २.५० मिमीची, फट सापडली ०.०८, हवी ०.१३, तर नवी शिम २.४५. ही शिम छोट्या टिकलीएवढी असते, तिची किंमत बिलात कुठे दिसणारही नाही; पैसे असतात ते उघडण्या-लावण्याच्या तासांचे आणि टायमिंग चेनची खूण एक दातही न चुकवण्याच्या अकलेचे. एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकायची भीती. हे काम जाणणाऱ्या माणसानं तासाचे चांगले पैसे घ्यावेत, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. मोजणं हे एक काम आणि बदलणं हे दुसरं, आणि तुमच्याकडे दोन्हीला मिळून एकच रक्कम असते. मोजून सगळं बरोबर निघालं तरी तेवढेच, कॅम उचलून दोन शिम बदलल्या तरी तेवढेच. मग साहजिकच ज्याचं काही बदलावं लागलं नाही तो दुसऱ्याचे पैसे भरतो, आणि मेकॅनिकला 'ओके' लिहिण्यात फायदा दिसतो. मोजलं पण नाही आणि पैसे पण आले.

हा नुसता संशय नाही, म्हणून एक प्रसंग लिहितो. सेंटरचं नाव घेणार नाही, तो मुद्दा नाही. भाच्याची चारशे सीसीच्या आतली गाडी, मे महिना. सकाळी साडेदहाला तो जुळे सोलापुरातून गाडी चालवत सेंटरवर गेला. दोनच्या सुमारास फोन आला, गाडी तयार आहे. बिल नऊ हजारांच्या पुढे, त्यात व्हॉल्व्ह चेकचे लेबर १,८००, वर जीएसटी ३२४. घरी आल्यावर मी टाकीखाली बॅटरी मारून बघितलं. हेड कव्हरच्या बोल्टांवर, बोल्ट आणि कव्हर यांच्या सांध्यात, नान्नजच्या रस्त्याची वाळलेली माती जशीच्या तशी. पान्याचा एक ओरखडा नाही. हात लागलेला बोल्ट कसा दिसतो हे फिटरला सांगावं लागत नाही.

पण माती राहू द्या, ती पुसताही आली असती. घड्याळ बघा. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर मोजायची असते. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर इंजिन ३५ अंशांच्या खाली असावं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आता मे महिन्यातलं सोलापूर आठवा. दुपारी बाहेर ४२-४३, तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. रात्रीपासून बंद असलेली गाडीसुद्धा दुपारी एकला ३५च्या वर असते. साडेदहाला चालत आलेलं लिक्विड कूल इंजिन दोनच्या आत थंड झालं, उघडलं, मोजलं, बंद केलं, धुतलं आणि ट्रायल मारून उभं केलं? सिद्धेश्वरानं स्वतः लक्ष घातलं तरी व्हायचं नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हे काम नीट करायचं तर एकच मार्ग आहे: गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घ्यायची आणि सकाळी शेड उघडल्या उघडल्या, उन्हं वर यायच्या आत, सगळ्यात आधी तीच घ्यायची. पहाटे इथे २७-२८ अंश असतात, तेवढ्यात भागतं. तुमच्यापैकी किती जण गिऱ्हाइकाला सांगतात की 'व्हॉल्व्ह चेक आहे, गाडी रात्री ठेवा'? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी कुरकुर केली असती, पण ठेवली असती.

व्हॉल्व्हबरोबर मोठ्या सर्व्हिसिंगचं बाकी बिलही बघू. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट, कोन सेट (हँडलचे बेअरिंग), यांच्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. भाग पुड्यात येतो, पुड्यावर एमआरपी असते, भानगड असली तर दिसते. प्लगचं एक सांगतो: एकाच सिलिंडरला दोन प्लग असलेल्या पल्सर सोलापुरात हजारोंनी आहेत, एनएस २०० ला तर तीन आहेत. बिलावर सगळे आणि इंजिनावर एकच नवा, असं होऊ नये म्हणून जुने प्लग पिशवीत घालून परत द्या. जुना फिल्टर, जुने ब्रेक पॅड, सगळंच द्या. आम्ही काही त्याचं लोणचं घालणार नाही, पण दिसलं म्हणजे बरं वाटतं.

एअर फिल्टरबद्दल मात्र भांडायला हवं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, उसाच्या ट्रॉल्या, मोहोळ-पंढरपूरकडचे खोदलेले रस्ते. फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. बऱ्याच गाड्यांना हल्ली तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो. तुमच्याकडे त्यावर एअर गन मारतात, धूळ उडताना दिसते, गिऱ्हाइकाला समाधान. हवेच्या मारानं कागद फाटतो आणि मग बारीक माती सरळ बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत. शे-दोनशेचा फिल्टर वाचवला म्हणून गिऱ्हाईक आभार मानतं आणि दोन वर्षांनी ऑइल पिणारी गाडी घेऊन परत तुमच्याच दारात येतं.

आणि मग त्या न मागितलेल्या ओळी. टेफ्लॉन कोटिंग, इंजिन ट्रीटमेंट, नायट्रोजन, 'कंझ्युमेबल्स'. सर्व्हिस ॲडव्हायझरला टार्गेट असतं हे आता गुपित राहिलेलं नाही आणि त्या पोराचा मला राग नाही. पण टाकीवर पॉलिश करायला पाच मिनिटं आहेत आणि टॅपेटला पात घालायला वेळ नाही, ही सर्व्हिसिंगची रीत झाली आहे. पाण्याचंही तेच. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या शहरात गाडी मात्र प्रेशरनं चकाचक धुऊन मिळते. धुतलेली दिसते म्हणून सर्व्हिसिंग झालं असं आम्ही समजतो, आणि तुम्ही आमचा तो समज मोडत नाही.

जीएसटीचा एक खुलासा इथेच करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी दुचाकीच्या बऱ्याच भागांवर २८ होता. इंजिन ऑइल आधीही १८ वरच होतं आणि लेबरही, म्हणजे फरक पडला तो भागांच्या ओळींत. त्या तारखेआधीचं बिल आणि नंतरचं बिल शेजारी ठेवलं तर तो दिसायला हवा. नसेल दिसत तर विचारायचा हक्क आम्हाला आहे. आणि ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही, त्यानं वहीच्या पानावर 'जीएसटी १८%' लिहून पैसे घेऊ नयेत. तो कर सरकारकडे जात नाही, त्याच्या खिशात जातो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे अधिकृत सेंटरना सांगायला नको, ते बिल देतातच, भरघोस देतात. गॅरेजवाल्या मंडळींना सांगतो: साधं पावतीपुस्तक ठेवा. गाडीचा नंबर, किलोमीटर, काय केलं, किती घेतले. त्यात तुमचाही फायदा आहे. महिन्याभरानं कुणी आलं आणि म्हणालं की तुम्हीच बिघडवलं, तर दाखवायला कागद असेल.

अधिकृत सेंटरकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: बाहेर उघडली तर वॉरंटी जाईल. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. आदेश चारचाकीवाल्यांचा, पुढे त्यावर अपिलंही झाली, दुचाकीला तो जशाचा तसा चिकटवता येणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. दिशा कुठली आहे ते यातून कळतं. पण माझं म्हणणं कायद्याचं नाही. वॉरंटीची भीती घालून गाडी तुमच्याकडेच आणायला लावत असाल, तर तुमच्याकडे काम झाल्याचा पुरावा बाहेरच्यापेक्षा पक्का हवा. आज बाहेरचा मेस्त्री निदान माझ्या समोर, स्टुलावर बसून टॅपेट उघडतो. तुमच्याकडे काचेच्या पलीकडे काय चालतं ते 'कस्टमर लाउंज'मधल्या टीव्हीवर दिसत नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, १९१५ ला फोन करा नाहीतर ग्राहक आयोगात जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा तो नंबर मलाही माहीत आहे, आणि आपल्या जिल्ह्याचा आयोग इथेच शहरात आहे. पण अठराशे रुपयांसाठी कोण तारखा काढणार? टॉवेलच्या कारखान्यातला माणूस पाळी बुडवून जाणार नाही. घरोघर पार्सल पोचवणारं पोरगं तर नाहीच. त्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली. याच पोरांच्या गाड्या सगळ्यात जास्त पळतात. ट्रॅफिकमध्ये सतत तापलेल्या, सात रस्त्याच्या सिग्नलवर चालूच ठेवलेल्या. पुस्तिकेतलं किलोमीटर ते काही महिन्यांत ओलांडतात, आणि मोठं सर्व्हिसिंग परवडत नाही म्हणून नुसतं ऑइल बदलून पुढे जातात. त्यांना निदान टॅपेटचं माप वेगळं, एकट्या कामाच्या दरात करून द्या. पॅकेज घ्या नाहीतर काहीच नाही, असं करू नका.

शिमच्या गाडीवाल्यांचीही वेगळीच रड आहे. इथे नीट होईल याचा भरवसा नाही म्हणून काही जण पुण्याला जातात, अडीचशे किलोमीटर. मेकॅनिकच्या हातात कौशल्य नाही असं मला वाटत नाही. पॉवरलूमचं मशीन फक्त आवाजावरून ओळखणारी माणसं या गावात आहेत, मोटारसायकलचं कॅम टायमिंग काही त्यांच्या पोरांना जड नाही. मायक्रोमीटर, वेगवेगळ्या जाडीच्या शिमांचा डबा, आणि घाई न करता सकाळचे तीन तास, एवढं दिलं तर पुण्याला जायचं कारण उरत नाही. खर्च कमी करायचं दुसरं टोक कंपन्यांच्या हातात आहे. डुकाटीनं मल्टिस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेऊन ठेवली, म्हणजे मनात आणलं तर होतं. ती गाडी आपल्यापैकी कुणी घेणार नाही, पण तुम्ही विक्रेते कंपनीच्या बैठकांना जाता, तिथे तोंड उघडायला काय हरकत आहे? नवी गाडी विकताना मायलेज आणि ईएमआय सांगता, तसं पहिल्या व्हॉल्व्ह तपासणीला किती किलोमीटर आणि साधारण किती रुपये लागतील हेही शोरूममध्येच सांगा. पुढच्या पाच वर्षांचा खर्च बघून गाडी घेणारे लोक सोलापुरात भरपूर आहेत. इथली माणसं चादर घेतानासुद्धा उलटी करून बघतात.

तर मागणं असं. दरफलकावर मोजण्याचा दर वेगळा आणि सेट करण्याचा किंवा शिम बदलण्याचा वेगळा लावा. आधी मोजा, फोन करा, माप सांगा, मग पुढचं काम हो म्हटल्यावर करा. शिमच्या गाड्या उन्हाळ्यात रात्री ठेवून घ्या आणि पावतीवर तसं लिहा. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीला ती ओळ कॉम्प्युटरमधून काढून टाका. आणि जॉब कार्डच्या खाली एवढी जागा छापून घ्या:

इंजिन थंड होते का, मोजल्याची वेळ ____ . इनटेक आधी ____ , नंतर ____ . एक्झॉस्ट आधी ____ , नंतर ____ . पुस्तिकेतील हद्द ____ . मोजणाऱ्याची सही ____ .

मोजणाऱ्याची सही म्हणजे ॲडव्हायझरची नव्हे, ज्यानं पात घातली त्याची. आमच्या कारखान्यात सही फिटरचीच असते आणि त्या सहीमुळेच पोरं काम शिकतात, कारण चुकलं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. वर्षभरानं तीच गाडी परत आली की मागचं कार्ड काढा. एक्झॉस्ट ०.१२ वरून ०.०७ वर आला असेल तर पुढच्या वेळी लवकर बोलवा. एवढं कळलं तर हेड उतरवायची पाळी येणार नाही. त्यात तुमचं एक मोठं बिल जाईल हे मला कळतं. पण हेड उतरवलेल्या गाडीचा मालक त्यानंतर तुमच्याकडे येतच नाही, हेही तुम्हाला कळत असेलच.

गाडीवाल्यांनाही सांगतो, पुढच्या सर्व्हिसला गाडी देताना पुस्तिका डिकीत ठेवा, टॅपेटचं पान दुमडून ठेवा, आणि घेताना आकडे मागा. आकडे नाहीत म्हणाले तर त्या ओळीचे पैसे देऊ नका, बाकीचे सगळे द्या. भांडू नका, आवाज चढवू नका. मी पुढच्या वेळी हेच करणार आहे.

होटगी रोडच्या बाजूला एका छोट्या गॅरेजमध्ये मेस्त्री पावतीच्या मागे पेन्सिलनं 'इन ६, ए १०' (म्हणजे इनटेक ०.०६, एक्झॉस्ट ०.१०) असं लिहून देतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणतो, लिहिलं नाही तर मलाच आठवत नाही. त्याच्याकडे गाड्यांची रांग असते.

फिलर गेज महाग नाही, चांगला सेट काही शे रुपयांत येतो, आणि पात घालायला शिकायला एक दुपार पुरते. ज्यांना आपल्या पोरांना शिकवायचं असेल त्यांनी रविवारी बोलवावं, मला सुट्टी असते. गेज मी आणतो, तुम्ही एक थंड इंजिन ठेवा.

आपला,
एक मेंटेनन्स फिटर आणि एमएच-१३ चा गाडीवाला
अक्कलकोट रोड, सोलापूर